न सांगण्याचा व्यवसाय

डोंबिवलीत सोनोग्राफीचा दवाखाना चालवून मी नुकतीच निवृत्त झाले. काम तसं सोपं वाटतं. पोटावर गार जेल लावायचं, हातातला प्रोब फिरवायचा, समोरच्या पडद्यावर जे दिसतं त्याचा अर्थ लावायचा. मूतखडा, पित्ताशय, यकृत, सगळंच येतं. पण निम्म्याहून जास्त गर्भवती. त्यांना मी सगळं मोठ्याने सांगायची. हे डोकं, हा मणका, हे हृदय, बघ कसं लुकलुकतंय, ही मांडी, हा तळवा. एकच गोष्ट सांगायची नाही. मुलगा की मुलगी.

कायद्याने तो गुन्हा आहे. तोंडाने सांगणं गुन्हा, बोटाने खूण करणं गुन्हा, हसून सुचवणंही गुन्हाच. दारात तसा मोठा फलक लावावा लागतो, मराठीत आणि इंग्रजीत. फलकाखाली बसूनच लोक हळू आवाजात विचारतात, "मॅडम, बाकी सगळं ठीक ना?" त्या ‘बाकी’चा अर्थ मला पहिल्याच वर्षी कळला.

"पण तुम्हाला दिसतं का?" माझे मित्र विचारतात. दिसतं. चौथा महिना उलटला की बहुतेक वेळा दिसतं. डोळे मिटून तपासणी करता येत नाही. मग चेहरा सांभाळायचा. हे आम्हाला कॉलेजात कोणी शिकवलं नाही, ज्याचं त्याने शिकायचं. माझा नवरा म्हणतो, तुझ्या चेहऱ्यावरून आमटीत मीठ कमी आहे की जास्त, एवढंही मला कळत नाही.

या कामात भांडणं पुष्कळ झाली. कोणी विनवलं, कोणी पाकीट सरकवलं, कोणी ओळखीच्या पुढाऱ्याला फोन लावून माझ्या कानाशी धरला. त्यांचं मला फारसं काही वाटत नसे. नाही म्हणायचं, पुढच्या बाईला आत घ्यायचं. पण एका घरातल्या दोन जावा माझ्याकडे आल्या आणि माझी झोप उडाली, ते लिहायचं आहे. नावं बदलली आहेत.

पहिली आली गौरी. लग्न होऊन कॅनडात गेलेली. सहावा महिना लागायला आला होता. चुलत बहिणीच्या लग्नासाठी एकटीच आली होती, नवरा कामामुळे तिकडेच. प्रवासानंतर थोडं रक्त गेलं म्हणून इथल्या डॉक्टरांनी माझ्याकडे पाठवली. बरोबर सासू, शालिनीताई. माझ्याच वयाच्या, ठेंगण्या, बोलक्या, सुनेची पर्स सांभाळत पडद्याशेजारच्या स्टुलावर बसलेल्या.

रक्त जाण्याचं काही काळजीचं कारण नव्हतं. तसं सांगितल्यावर गौरी सैलावली.

"तिचा चेहरा दिसतोय का, डॉक्टर?"

"बाळाचे ठोके छान आहेत," मी म्हणाले.

"नाही, म्हणजे आम्हाला माहितीये. तिकडे ब्लड टेस्टमध्येच सांगितलं. मुलगी आहे. नावपण ठरलंय."

"बाळाचे ठोके छान आहेत."

ती हसली. मग तिच्या लक्षात आलं की मी थट्टा करत नाहीये. "म्हणजे मला माहीत असलेली गोष्टसुद्धा तुम्ही मला सांगणार नाही?"

"नाही."

"का पण? बाळ माझं आहे. तिकडे हा माझा हक्क आहे. विमानात बसले तेव्हा हक्क होता आणि इथे उतरले की गुन्हा? चूक-बरोबर विमानतळावर बदलतं का?"

प्रश्न बिनतोड होता. मी म्हटलं, "तिकडे हे सांगितल्याने कोणाचं काही बिघडत नसेल. इथे बिघडतं, ते मी बघितलंय."

"म्हणजे इथल्या प्रत्येक बाईवर तुमचा संशय."

"संशय नाही. नियम. सगळ्यांना सारखा."

"हे काही बरोबर नाही," ती पोट पुसत म्हणाली. शालिनीताईंनी तिची बाजू घेतली. "आमच्या घरात लक्ष्मी येतेय हो, डॉक्टरबाई. आम्ही तसले लोक नाही. मोठ्याला दोन मुलीच आहेत, कशा फुलासारख्या वाढवल्यात!" त्या खोटं बोलत नव्हत्या. नातींचे फोटो त्यांनी मला फोनवर दाखवले. गॅदरिंगमधले, कोळीनृत्याच्या वेशातले.

पुढच्याच आठवड्यात त्या परत आल्या. या वेळी मोठी सून रोहिणी आणि मोठा मुलगा महेश बरोबर होते. रोहिणीला तिसऱ्या खेपेचे दिवस होते, साडेचार महिने झाले होते. महेशचं मानपाडा रोडला टाइल्सचं दुकान. उंच, नम्र माणूस. बायकोच्या चपला त्याने स्वतः उचलून बाजूला ठेवल्या. मी तपासणीच्या वेळी कोणालाच आत घेतलं नाही. बाहेरची त्यांची कुजबुज ऐकूनच मला संशय आला होता.

तपासणी निम्मी झाली तेव्हा रोहिणीने माझं मनगट धरलं. जेल लावलेला हात तसाच राहिला.

"मॅडम, मला एकटीला सांगा. मी कोणाला बोलणार नाही. मुलगी असली तर मी आईकडे जाते, शहाडला. दिवस भरेपर्यंत येतच नाही. तुम्ही नाही सांगितलं तर ते मला दुसरीकडे नेणार आहेत. तिथे सांगतात. आणि मुलगी निघाली तर तिथेच..." तिने मनगट आणखी घट्ट धरलं. "नुसती मान हलवा. फक्त मान."

बोलत असताना तिच्या डोळ्यांतून पाणी कानामागे ओघळत होतं. प्रोब तिच्या पोटावर होता. आणि मला दिसलं होतं.

त्या क्षणी मला कोणी विचारलं असतं की बरोबर काय, तर मला सांगता आलं नसतं. कायदा अशाच बाईसाठी केलेला. आणि तीच माझा हात धरून म्हणत होती, मोडा.

मी म्हणाले, "रोहिणी, मी सांगणार नाही. पण मुलगा असो, मुलगी असो, तुला कोणी बळजबरीने कुठे नेऊ शकत नाही. तुला आईकडे जायचंय ना? आजच जा."

"काय कारण सांगू?"

मी प्रोब पुढे सरकवला. तिने हात सोडला. नंतर ती माझ्याकडे न बघता छताकडेच बघत राहिली.

बाहेर येऊन मी महेश आणि शालिनीताईंना केबिनमध्ये बसवलं आणि स्पष्ट बोलले. तिसऱ्यांदा गरोदर बाई आहे, नको ते कुठे करायला गेलात तर ती हाताला लागायची नाही आणि तुम्ही तुरुंगात जाल. महेश खाली मान घालून ऐकत होता. शालिनीताई उसळल्या.

"त्या दिवशी गौरी तुम्हाला तोंडावर म्हणाली ना, हे बरोबर नाही? ती शिकलेली आहे. तिकडे तिला हसत हसत सांगतात. तिला सांगितलं तर हक्क, आणि आम्ही विचारलं तर पाप?"

दुसऱ्या दिवशी महेश एकटा आला. रिसेप्शनमध्ये बायका बसल्या होत्या, तरी तो दारातूनच बोलला. आवाज अजिबात चढलेला नाही.

"मॅडम, तुम्ही तत्त्वाच्या आहात, मान्य. पण आम्ही उद्या लिहून दिलं की मॅडमनी आम्हाला सांगितलं, तर?"

बाहेरच्यांना यातलं गांभीर्य कळणार नाही. या कायद्यात अशी तक्रार आली की आधी मशीनला सील लागतं, मग चौकशी. मी सांगितलं नाही हे सिद्ध करायचं ओझं माझ्याच डोक्यावर. न बोललेली गोष्ट सिद्ध कशी करणार?

"द्या लिहून," मी म्हणाले. पुढच्या बाईचं नाव मी मोठ्याने पुकारलं.

दोन दिवसांनी भर दुपारी गौरी आली. चेहरा सुजलेला. केबिनचं दार स्वतःच लावून घेतलं.

"डॉक्टर, उद्या सकाळी कुलदेवीला जायचं ठरलंय. गाडीने, मुरबाडच्या रस्त्याने. दर्शनाला म्हणे फक्त महेशदादा, आई आणि वहिनी. मुलींना शेजारी ठेवणार. दर्शनाला जातात तर मुलींना का नाही नेत? मी वहिनीला विचारलं, ती नुसती रडायला लागली." तिने श्वास घेतला. "घरात आई जे बोलतात ना, ते माझं वाक्य आहे. ‘तिकडे चालतं, मग इथे का नाही?’ मी इथे तुमच्याशी भांडले ते त्यांनी शब्द न् शब्द उचललंय."

"ते कुठे नेणार आहेत?"

"वहिनीलाही माहीत नाही. तिकडे असते तर मी सरळ पोलिसांना फोन केला असता. इथे मी काय करू? की तुम्ही पण म्हणणार, त्यांची पद्धत, त्यांचं घर?"

"मी याला पद्धत म्हणत नाही," मी म्हणाले. "रोहिणीला फोन लाव."

रोहिणी बाथरूममध्ये जाऊन बोलली असावी. नळ वाहत होता. मी म्हटलं, पोलिसांत कळवू का? ती म्हणाली, "नको, मॅडम. मुलींच्या शाळेत कळेल. मला फक्त आईकडे पोचवा." नवऱ्याशी एकटीने भांडून उंबरठा ओलांडायची तिची छाती नव्हती. गौरी टेबलाकडे बघत विचार करत होती. मग म्हणाली, "मुरबाडला जायचं तर शहाडवरूनच जावं लागतं ना?"

पुढचं मला गौरीकडून कळलं. सकाळी ती तयार होऊन मुलींना घेऊन गाडीत जाऊन बसली. म्हणाली, मीपण येणार दर्शनाला, बाळासाठी बोलायचंय देवीला, आणि मुली नसतील तर मी कशी जाऊ! महेशला काही बोलता येईना. इमारतीतले लोक बघत होते. कल्याण सोडलं, शहाडचा पूल दिसू लागला तशी ती म्हणाली, मळमळतंय, थांबवा. गाडी थांबली. ती उतरली, मागून मुली, मागून रोहिणी. आणि चौघी रस्ता सोडून गल्लीत शिरल्या. पळाल्या नाहीत, दोघीही पळण्यासारख्या नव्हत्याच.

मला फोन आला तेव्हा दवाखाना भरलेला होता. "डॉक्टर, प्लीज या. महेशदादा दाराशी आहेत." मी बायकांची माफी मागितली, रिक्षा केली. कल्याणच्या ट्रॅफिकमध्ये अडकून बसले असताना मला पहिल्यांदा स्वतःसाठी भीती वाटली. माझा त्या घराशी संबंध काय? मी डॉक्टर, निदान करायचं, कागद द्यायचा, बस. महेश उद्या म्हणेल, बघा, ही बाई घरापर्यंत आली, म्हणजे हिने सांगितलंच असणार.

नदीकडे जाणाऱ्या उतारावर एका चाळीत रोहिणीच्या आईची खोली. बाहेर माणसं जमलेली. महेश दारात उभा, आणि उंबरठ्यावर गौरी मांडी घालून बसलेली, पोट पुढे, दोन्ही हात चौकटीला. तिच्यामागे अंधारात रोहिणी, तिची आई आणि आजीच्या पदराला धरून दोन मुली.

"मला ओलांडून जा," गौरी म्हणत होती.

"गौरी, तू मध्ये पडू नकोस. पाहुणी आहेस, पाहुणीसारखी रहा!" महेशचा तो नम्र आवाज कुठेच नव्हता. मला बघून तो वळला. "आल्या! यांनीच पढवलंय. बायकोला माझ्याविरुद्ध करणाऱ्या तुम्ही कोण?"

त्याने गौरीच्या खांद्याला धरून तिला बाजूला ओढलं. ती हलली नाही. त्याने दुसऱ्यांदा जोर लावला तशी ती एका हातावर कलली, आणि आतून धाकटी मुलगी किंचाळली, "पप्पा, नको!"

मी त्याचा हात धरला. माझ्यापेक्षा हातभर उंच माणूस. "महेश, तिला सहावा महिना आहे. तुझ्या भावाचं मूल आहे ते. आणखी एकदा हात लावलास तर मी इथेच पोलीस बोलावते, आणि ही सगळी माणसं साक्षीला आहेत."

त्याने हात काढून घेतला. आपण काय केलं ते त्याला मुलीच्या आवाजाने कळलं असावं. तो दोन पावलं मागे सरकला.

शालिनीताई गॅलरीच्या कठड्याला टेकून उभ्या होत्या. त्या पुढे आल्या आणि गौरीशी नाही, रोहिणीशी नाही, माझ्याशी बोलू लागल्या.

"तुम्हाला वाटतं आम्ही राक्षस. तुम्ही शिकलेल्या, तुमचं चूक-बरोबर पुस्तकात लिहिलेलं. आमचं तसं नसतं, डॉक्टरबाई. महेशच्या आधी मला एक मुलगी झालेली. गावाला होते मी. तिला ताप आला. एस.टी. होती, तालुक्याला डॉक्टर होता. सासू म्हणाली, पोरीच्या तापाला कोण एवढं धावतं. नाही नेलं कोणी. गेली ती. गावातल्या एका माणसाने म्हटलं नाही की हे चुकलं. चुलत्यांनी नाही, माझ्या बापाने नाही. तेव्हा ते चूक नव्हतंच. तशीच रीत होती. मग आता मी एकटी कशी चुकीची? तिकडची रीत तिकडे, इथली इथे."

महेश आईकडे बघत राहिला. हे त्याला ठाऊक नव्हतं, ते दिसतच होतं.

मी विचारलं, "गावात कोणालाच चूक वाटलं नाही?"

"नाही."

"तुम्हाला?"

त्या चिडून काहीतरी बोलणार होत्या. मग कठड्यापलीकडे बघत, आवाज न चढवता म्हणाल्या, "मला कोण विचारणार? ती गेली, आणि मला दूध येतच राहिलं."

खालच्या गल्लीतून टेम्पो गेला, त्याचा हॉर्न वाजत राहिला. गौरीने चौकटीवरचे हात खाली घेतले. महेश म्हणाला, "आई, तू कधी बोलली नाहीस."

"गाडी वळव," त्या म्हणाल्या. "घरी चल."

चूक-बरोबर जागेप्रमाणे बदलतं का, यावर मी पुढे पुष्कळ विचार केला. नियम बदलतात. गौरीला तिकडे सांगतात त्यात मला पाप दिसत नाही आणि इथे मी गप्प बसले याची मला लाज नाही. पण त्या बाईला सगळ्या गावाने सांगितलं होतं की काही चुकलेलं नाही, आणि तिला ते एक दिवसही पटलं नव्हतं.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. महेशने राग माझ्यावर काढला. तक्रार दिलीच. अधिकारी आले, कागद तपासले, मशीनला सील लागलं. शेजारच्या दवाखान्यातली मंडळी माझ्याशी जपून बोलू लागली. काही पेशंटनी जिन्यावरूनच तोंड फिरवलं. शेवटी रोहिणीने स्वतः जाऊन जबाब दिला, मॅडमनी काही सांगितलं नाही, मी पाया पडले तरी नाही. सील निघालं. चौकशीच्या काळात मला लागलेली रक्तदाबाची गोळी अजून चालू आहे.

रोहिणी माहेरीच राहिली. कल्याणला बाळंत झाली. मुलगा झाला.

महेश पेढे घेऊन दवाखान्यात आला. अगदी मनापासून आला होता, डोळ्यांत पाणी होतं. म्हणाला, "मॅडम, झालं गेलं विसरा. पण बघा ना, उगाच एवढं रामायण झालं. तुम्ही एक शब्द बोलल्या असतात तर कोणालाच त्रास झाला नसता."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ती मनगट धरून रडत होती, तिचे सासू-नवरा गाडी ठरवत होते, गौरी उंबरठ्यावर बसली होती, आणि तो सगळा वेळ तो एक शब्द माझ्या तोंडात होता. पण मी मुलाच्या आईला हळूच सांगायला लागले, तर माझ्या गप्प बसण्याचा अर्थ उरलेल्या प्रत्येकीच्या घरी लगेच कळेल. मग माझं मौन हीच खूण. हे मी महेशला समजावलं नाही. त्याच्या त्या ‘उगाच’ला मला उत्तर द्यावंसं वाटलं नाही. पेढ्यांचा बॉक्स मी काउंटरवर ठेवायला सांगितला. मी त्यातला खाल्ला नाही.

गौरीला तिकडे मुलगी झाली. फोनवर तिने मला थेट विचारलं, वहिनीला मुलगा आहे हे तुम्हाला तेव्हाच दिसलं होतं का? मी हो म्हटलं. ती म्हणाली, मला हे जमलं नसतं. शालिनीताई परत कधी भेटल्या नाहीत. मुलींची वार्षिक परीक्षा झाल्यावर रोहिणी नवऱ्याकडे परत गेली. मला ते आवडलं नाही. पण माझ्या आवडीने तिचं घर चालणार नव्हतं.

नंतर ती एकदा आली. तपासायला नाही, सहज. मुलगा कडेवर, पेंगुळलेला. माझ्यासमोर बसली, इकडचं तिकडचं बोलली. मग एकदम म्हणाली, "तेव्हा तुम्हाला दिसलेलं ना, मॅडम?"

"हो."

"मी एवढी रडले. मान हलवा म्हटलं."

"हो."

"मुलगी असती तर?"

"तरी अशीच गप्प बसले असते."

तिने मुलाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. त्याच्या पाठीवर थोपटत राहिली.

"मग बरोबर केलंत," ती म्हणाली. "पण माझा राग आहे तुमच्यावर."

"असू दे," मी म्हणाले.